डावीकडची सीट

वहीत मधोमध रेघ मारली.
एका बाजूला सेडान, दुसऱ्या बाजूला हॅचबॅक.
प्रेसमधून निवृत्त झालेल्या माणसाची
रेघ वाकडी जात नाही.

छत्तीस वर्षं नाशिकरोडला नोटा छापल्या,
ओल्या शाईच्या, गठ्ठ्यांनी,
त्यातली एक आपली नाही.
आता ज्या आपल्या आहेत त्या मोजायला बसलो
तर पुन्हा पुन्हा चुकतोय.

हायब्रीडला तीन लाख जास्त.
पेट्रोल वाचेल म्हणतात, वाचेलच.
पण आमचं फिरणं ते केवढं –
सिन्नरला आक्का, ओझरला डॉक्टर,
गणपतीत आणि दिवाळीत पुण्याला लेक.
वर्षाचे सहा हजार किलोमीटर, ओढूनताणून.
भागाकार केला :
पैसे वसूल व्हायला तेवीस वर्षं.
तेव्हा मी चौऱ्याऐंशीचा.
आकड्याखाली दोन रेघा ओढल्या
आणि वही मिटली.

मुंबई नाक्यावरच्या शोरूममधला मुलगा, खैरनार,
हसत म्हणाला, काका, आधी बसून तर बघा.
बसलो.
सेडानमध्ये मागे पाय पसरले
की आपण कुणाचे तरी जावई आहोत असं वाटतं.
पण डिकीत बॅटरी आधीच पाय पसरून बसलेली.
खिशातून टेप काढली.
फेब्रुवारीत लेकीकडे द्राक्षांचे दोन क्रेट जातात,
त्यातला एक बाहेर राहत होता.

ज्योत्स्नाने काहीच मोजलं नाही.
ती सेडानमध्ये बसली, उठली,
हॅचबॅकमध्ये बसली, उठली.
पाचदा.
म्हणाली, हिच्यात खाली उतरावं लागतं,
तिच्यात नुसतं टेकावं लागतं.
गुडघ्याचा हिशेब एका ओळीत.

मग एक चक्कर मारायला निघालो.
द्वारकेला सिग्नल लागला
आणि गाडी गप्प झाली.
बंद पडली म्हणून मी किल्ली शोधायला लागलो,
किल्लीच नव्हती. खैरनार मागून म्हणाला,
चालू आहे काका. अशीच असते.
बाहेर रिक्षा, एसटी, ट्रक,
आणि आत इतकी शांतता
की मला ज्योत्स्नाचा श्वास ऐकू आला.
आमच्या जुन्या गाडीत
पंधरा वर्षं आम्ही एकमेकांशी ओरडून बोललो.
भांडण नव्हतं, सायलेन्सर होता.

त्या शांततेत ती म्हणाली, पुढे बघतच,
जशी भाजी सांगावी तशी :
मला चालवायला शिकायचंय.

सिग्नल हिरवा झाला.
मागून हॉर्न वाजायला लागले.

वहीत मायलेज होतं, विमा होता,
डिकीचे लिटर, पुढच्या वर्षांचे व्याज,
कोण चालवणार, हा रकानाच नव्हता.
रेघ सरळ होती,
पान अर्धंच होतं.

गाडी अजून घेतलेली नाही.
खैरनार दर सोमवारी फोन करतो,
आता ज्योत्स्नाच बोलते त्याच्याशी,
लांबी विचारते, वळायला किती जागा लागते ते विचारते,
सोसायटीच्या खांबांमधलं अंतर
तिने ओढणीने मोजून ठेवलंय.

रविवारी पहाटे आम्ही जुनी गाडी घेऊन
चेहेडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर जातो.
क्लच सोडताना गाडी उचकी देते,
ती हसते, मी हँडब्रेक धरून बसतो.

आणि तिथे, डावीकडे बसल्यावर कळलं :
या सीटवर गुडघा डॅशबोर्डला लागतो.
सीट मागे सरकत नाही.
खटका तुटलाय.
कधी तुटला, विचारलं.

ती आरशात बघत होती.
म्हणाली, थांबा हो,
मागून ट्रॅक्टर येतोय.