रकाना

झुल्कुफ, तुझ्या कार्डावर मी 'क्षय' लिहिलं
तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता
आणि रांगेत अजून चाळीस माणसं.
खोकला, घटलेलं वजन, रात्रीचा घाम,
एक्स-रेवर वरच्या अंगाला पांढुरके ठिपके.
बिंगोलच्या डोंगरात असे ठिपके दिसले
की हात आपोआप लिहितो.
माझा हात लिहीत होता. मी
चहा निवण्याआधी प्यायला मिळेल का, बघत होते.

तीनदा थुंकी तपासली. तिन्हीदा काही सापडलं नाही.
मी म्हटलं, सापडेल.
सहा महिने उपाशीपोटी मूठभर गोळ्या.
लघवी केशरी झाली, मग डोळे पिवळे,
आईने तुझी वाटी वेगळी काढली, चमचा, उशी,
आणि धाकटी, जी तुझ्या मांडीशिवाय झोपत नसे,
दाराच्या चौकटीतून हात हलवायला शिकली.
हे सगळं माझ्या अक्षरात आहे.

नाव. वडलांचं नाव. गाव. वय सव्वीस.
व्यवसाय:
इथे मी आडवी रेघ मारली होती.
गावी परतलेला पोरगा, हिवाळ्यात करणार काय.

मग सैत आला. मग सैतचा मेहुणा.
एकाच गावचे, एकाच वयाचे,
जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसकण मारणारे.
मी वर पत्र पाठवलं: साथ आहे, गोळ्या वाढवा.
गुलिझार माझ्या खोलीची फरशी पुसत होती.
बादलीतून मान वर न करता म्हणाली,
डॉक्टर हानुम, ही सगळी पोरं
इस्तंबूलला जीन्स पांढरी करायला होती.

त्या दिवशी पांढऱ्या कोटाखाली
मी काय घातलं होतं, ते मला नीट आठवतं.

तळघर. कॉम्प्रेसर. नळीतून सुटणारी रेती
नव्याकोऱ्या मांड्यांवर,
नवी पॅन्ट दोन मिनिटांत जुनी दिसावी म्हणून.
खिडक्या बंद, रेती वाया जाऊ नये;
संध्याकाळी तीच झाडून, चाळून पुन्हा भरायची.
तोंडाला आईचा रुमाल.
रात्री तिथेच, कापडाच्या ढिगावर झोप.
मालक म्हणायचा, दही खा, धूळ खाली बसते.
तुम्ही दही खाल्लंत. धूळ खाल्लीत.
पुढे तुमचे कागद कचेरीत धूळ खात पडले
आणि तळघरात म्हणे आता गाड्या लावतात.

समितीने विचारलं, चूक कुठे झाली?
मी रेघ दाखवली.
एक जण चष्मा पुसत म्हणाला, एवढीशी?

तुला सांगायला मी स्वतः आले.
रस्ताभर वाक्यं जुळवत होते:
यावर औषध नाही,
गोळ्या उगाच होत्या,
फुप्फुसं दगड होत जातील,
मला माफ कर, हे कुठे घालायचं ते ठरत नव्हतं.
तू सगळं ऐकलंस, मधे दोनदा श्वासाला थांबून,
आणि एकच विचारलंस:
म्हणजे हे दुसऱ्याला लागत नाही?

नाही, मी म्हटलं.

तू धाकटीला हाक मारलीस.
ती बिचकली, आजीकडे बघितलं, मग धावली.
तिचं डोकं छातीवर पडलं तसा तुझा दम कोंडला,
ओठ निळसर झाले,
तू तिला हलवलं नाहीस.
मी दाराच्या चौकटीत उभी होते,
पायांतले बूट बर्फाने ओले,
आत कोणी ये म्हणालं नाही,
जा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.