गतिरोधक

पेठपासून सिव्हिलपर्यंत बावीस.
पुंजाराम भोयेंनी मोजलेत, पडल्या पडल्या,
एकेकावर पोटात पहार बसली म्हणून.
"सावळघाटात वळणं, तिथं एवढं नाही बाई.
आरटीओच्या कोपऱ्यावर मात्र जीव गेला."

मला तपासायला उरलंच काय होतं?

तरी हात चोळून ऊब आणली.
थंड हाताशी पोट खोटं बोलतं,
हे गायधनी मॅडमचं, पहिल्याच रात्रपाळीतलं.
दुखतं तिथून लांब सुरुवात करायची,
बोटं पोटावर, नजर चेहऱ्यावर.
बोटांखाली पाट होता. लाकडी, जेवायला बसायचा.

मुतखड्याचा माणूस खाटेवर मावत नाही,
लोळतो, उठतो, देवाला आणि आम्हाला शिव्या घालतो.
त्याची मला फारशी काळजी नसते.
हे गुडघे जवळ घेऊन निपचित,
श्वाससुद्धा वरच्या वर, उसना आणल्यासारखा.

"आता कमी वाटतंय. सकाळच्या गाडीनं जातो."
इंटर्ननं आशेनं माझ्याकडे पाहिलं.
मी या कमी वाटण्याला भिते.

उभं धरून एक्स-रे काढला:
यकृतावर काळी कोर,
नखाएवढी हवा, जिथं तिचं काही काम नाही.

"गोळ्या कसल्या घेता?"
"गुडघ्याच्या. द्राक्षाच्या बागेत दिवसभर उभं ना.
मेडिकलवाला देतो, पिवळ्या.
उपाशीपोटी लवकर लागू पडतात."

दोन वाजून दहा मिनिटांनी पोट उघडलं.
हिरवट पाणी, त्यात भाताची शितं.
भोक केवढं? मसुराच्या डाळीएवढं.
तीन टाके ओवून ठेवले,
आवळण्याआधी त्यांखाली शेजारचीच वपा सारली.
ठिगळही घरचंच.
मग कोमट सलाइन, लिटरमागून लिटर,
शेवटचं नितळ येईस्तोवर.

चौथ्या दिवशी वारा सरला.
सुनेनं पदर तोंडाला लावून सांगितलं
आणि अख्ख्या वॉर्डात मी एकटीच मोठ्यानं हसले.

इथं संपवता आलं असतं.
पण त्याच आठवड्यात हर्सूलची एक मुलगी होती.
तिचं पोट मला मऊ लागलं होतं.
हात गरम होते माझे.

रात्री गंगापूर रोडनं घरी जाताना
प्रत्येक गतिरोधकाला गाडी जवळजवळ थांबवते.
मागचे हॉर्न देतात.
देऊ देत.