तौनोच्या तबकड्या

तौनो गेला. त्याच्या मुलीने
तीन खोकी माझ्या दाराशी आणून ठेवली.
मला गाण्यातलं काय कळतं? मी ट्राम चालवते.

पहिली जॅझची. कुणीतरी पिशव्या घेऊन
जिना चढतंय, मजल्यामजल्यावर थांबतंय,
आपलं दार कुठलं ते विसरलंय.
चाळीस मिनिटं. पोचलंच नाही.

जिला सगळे शतकातली थोर म्हणतात
तिच्यावर मला झोप लागली. गाढ.

हेवी मेटलवर भांडी घासली,
बुडाला करपलेली लापशीसुद्धा सुटली.

सोल गाणारी बाई कुणाला तरी थांब म्हणत होती;
बाहेर निघालेली मी,
कोट परत खुंटीला अडकवला.

आणि तळाशी एक स्वस्तातला टँगो,
कव्हर चिकटपट्टीने जोडलेलं.
दुसऱ्या कडव्यात सुई अडकते.
अर्धा शब्द. अर्धा शब्द. अर्धा शब्द.

तांपेरेतले अकरा हिवाळे
भिंतीपलीकडून हाच अर्धा शब्द यायचा,
बऱ्याच वेळाने पावलं, मग टिचकी.
मी झाडूच्या दांड्याने भिंत ठोकायचे.

आज उठले नाही. म्हटलं, अडकू दे.

खालच्या मजल्यावरून
कुणीतरी छत ठोकलं.