मानस

दोनापावलच्या सभागृहात नोंदणीला दहा मिनिटं गेली:
आमोणकर की अमोनकर?
मग गळ्यात दोरी. शेवंती, युवा प्रतिनिधी.

बोलायला तीन मिनिटं, पुढे दिवा लाल.
आपल्या भाषेत बोला, म्हणाले होते. मी बोलले:
आमच्या चोडणला भरती आली की मानस मिटते,
ओहोटीला उघडते, आतलं पाणी नदीला देते.
तिची फळी कुजली
तर खाजनात मीठ शिरतं, भात जळतं.

काचेमागच्या दुभाषीण बाईंनी मानसचं मन केलं.
कळलं ते जेवणाच्या रांगेत.
कुठल्याशा बेटाचे मंत्री, उंच, झोप न झालेले,
माझा हात धरून म्हणाले,
"भरतीला मन मिटावं, खरंय.
पण आमच्याकडे हल्ली ओहोटीच येत नाही."
चूक सुधारायला मी तोंड उघडलं
आणि तसंच ठेवलं.

रायबंदरहून शेवटची फेरी.
इनास बांधावर, कमरेपर्यंत चिखलात.
"काय म्हणाले गे मोठे लोक?"
"टाळ्या वाजवल्या."
"आणि फळी?"
मी गप्प.
"मग बॅटरी धर. हलवू नकोस."

बिजागरी सुटली होती.
त्यानं माझ्या गळ्यातली दोरी मागितली,
तीन वेढे दिले, दातांनी गाठ ओढली.
"आयतारापर्यंत टिकेल."

परिषदेचा फॉर्म आलाय: आपण काय शिकलात?
शंभर शब्दांत.
दोरीला माझं नाव अजून लटकतंय,
भरतीत आमोणकरपर्यंत भिजतं.