डावा मडगार्ड

मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लागत नाही,
म्हणून वेल्डिंग रात्रीचं.
गड्डीगोदामच्या पुलापाशी, शटर अर्धं खाली,
आणि आत ती, कॉन्टेसा,
चाकं काढून चार ठोकळ्यांवर बसवलेली,
रुसलेल्या विहिणीसारखी.

कुकडे वकिलांची पोरगी पुण्याहून आली होती.
म्हणाली, "काका, बाबांच्या वेळी होती तशी करा.
अगदी तशीच."
म्हटलं, "करू न जी."

पयले मी चुंबक फिरवतो.
शाळेतल्या पोरांकडं असतो तसला, नालाचा, लाल.
दारावर टक्.
बोनेटवर टक्. (केवढं लांब ते बोनेट!
सिव्हिल लाइन्समधून ही निघाली की
पानठेल्यावरचे चुना लावता लावता थांबत.)
मागच्या डाव्या मडगार्डावर आलो
तर चुंबक घसरून फरशीवर पडला,
जसं काही तिथं लोखंडच नाही.

नव्हतंच.

ग्राइंडर लावला तर ठिणगी नाही, नुसती धूळ,
गुलाबी, गोडसर वासाची. लांबी.
पुरणासारखी ठासून भरलेली, दोन बोटं जाड.
तिच्याखाली कूलरची जाळी.
जाळीमागं पेपराचे बोळे,
एकावर बारावीच्या निकालाचे नंबर,
ओले होऊन वाळलेले, पुन्हा ओले होऊन वाळलेले.
मग गंज,
चहात जास्त वेळ राहिलेल्या खारीसारखा.

जाळी मी ओळखली.
आमच्याच दुकानातल्या कूलरची होती.
केशोराव उस्ताद म्हणाले होते,
"पत्रा कापत बसशील तर हप्ता जाईल, बे. भर."
मी एकोणीसचा. मी भरलं.
इतकं सफाईनं भरलं की
वकीलसाहेब तळवा फिरवत म्हणाले,
"वा देवमन, लागलं कुठं होतं तेच समजत नाही!"
वरून वीस रुपये दिले, माझे मला.
त्यातून उसाचा रस प्यालो, तीन ग्लास, एकटाच,
आणि उरलेल्यात जुन्या बाजारातून घेतली
ही हातोडी.
दांडा दोनदा बदलला. डोकं तेच.

कापत गेलो. पांढरं लोखंड लागेपर्यंत कापायचं असतं,
वीतभर म्हणता म्हणता हातभर गेलं.
खाली, पाणी निघून जायला कंपनीनं ठेवलेलं भोक
माझ्याच लांबीनं बुजलेलं.
तीस पावसाळे पाणी पोटात घेऊन फिरली,
वरून चकचकीत.

नवा पत्रा. मागून डॉली, समोरून हातोडी.
एक टाका इथं, दुसरा तिकडं लांब,
मग थांबायचं. बिडी ओढायची.
एकाच जागी तापवला की पत्रा फुगतो,
मग जन्मभर टुबुक-टुबुक करतो.
हेल्पर पोरगा म्हणे, "काका, भरून टाकू न.
कोण पाहून राहिलं?"
मी काही बोललो नाही.
चुंबक त्याच्या हातात दिला. म्हटलं,
खिशात ठेव.

बिलात सगळं लिहिलं. दारं, बोनेट, रेड ऑक्साईड, रंग.
डाव्या मडगार्डापुढं नुसती रेघ.
"काका, हे राहिलं का?"
"त्याचे पैसे आले."
"कोणी दिले?"
"साहेबांनी. त्र्याण्णव साली."
ती हसली. तिला वाटलं, म्हातारा मोठेपणा करून राहिला.
निकालाचा बोळा मी डब्यात ठेवला होता दाखवायला.
डबा उघडेपर्यंत तिनं गाडी सुरू केली.

आत्ताच धुतलेली गाडी.
डाव्या भोकातून पाणी गळत गेलं,
रस्त्यावर एक बारीक ओली रेघ,
सदरच्या वळणाकडं.
मी पाहत होतो तोवर
अलीकडचं टोक वाळलं.