पुढचा यू-टर्न

सोहारच्या बाहेर, रस्त्यापलीकडेच
दिसतोय आमचा कॅम्प.
दिव्याखाली दोरीवर माझाच निळा शर्ट.
मध्ये पिवळी रेघ, अखंड.
पुढचा यू-टर्न अकरा किलोमीटरवर.

गाडी शिकवताना परकारमामू म्हणायचे,
"तुटक रेघ म्हणजे विचारून बघ.
सलग असली तर विचारूसुद्धा नको."
स्वतः एकदाच ओलांडली त्यांनी,
मुलगी झाल्याचा फोन आला त्या रात्री.
दंड दोन पगारांतून कापला गेला,
तरी खजूर वाटले सगळ्या कॅम्पला.

आता दोन वाजलेत.
रस्त्यावर कुणी नाही,
कॅमेरा आहे.
इंडिकेटर मात्र डावीकडे टिकटिकतोय,
मी लावला होता की काय कोण जाणे.

बंद करतो. सरळ जातो.
अकरा जायचे, अकरा यायचे.
तोवर शर्ट वाळेल.