तारे दिसत नाहीत

मशीन जुनं झालंय, नवी विंडोज त्यात मावणार नाही,
असं तन्वीरने पायरीवरूनच सांगितलं,
डॉक्टर चपला न काढता सांगतात तसं.
नवं घ्यायचं तर अडतीस हजार.
लग्नसराई तोंडावर, हळदीच्या पत्रिका सव्वीस,
लॅमिनेशनचा रोलर आधीच गेलेला.
त्याने खिशातला पेनड्राइव्ह लावला, फुकटचा लिनक्स घातला
आणि जुईनगरला निघून गेला.

कोपरखैरणे, दुपारचे तीन.
मी, आणि समोर घासूनपुसून ठेवलेला अनोळखी पडदा.
सी ड्राइव्ह शोधला. नाही. डी तर नाहीच.
सगळं म्हणे एका तिरक्या रेघेपासून सुरू होतं.

पत्रिका मांडायच्या सॉफ्टवेअरचा सेटअप आणला,
डबल क्लिक केलं.
पुन्हा केलं. जरा जोरात केलं.
ढिम्म.
फोनवर तन्वीर हसला,
ताई, बाहेरून उचलून आणायचं नाही इथे. मागायचं.
कुणाकडे?
भांडाराकडे.

वीस वर्षं मी नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश.
मधलं एकदाही वाचलं नाही.
बाबांनीही नव्हतं वाचलं.
खाडीकडची पावणेदोन एकर खाचरं,
वर्तमानपत्राएवढा कागद, खाली रिकामी जागा,
साहेब म्हणाला इथे, बाबांचा अंगठा तिथे.
फिनिश.
आता त्या खाचरात स्कूटर लावायचे
तासाला वीस रुपये पडतात.

काळी खिडकी उघडा, सांगतो तसं टाइप करा.
पहिला शब्द सुडो.
म्हणजे काय रे?
म्हणजे मालक बोलतोय. मशीनच्या मालक तुम्हीच ना?
पावती भावाच्या नावाची आहे.
हो, म्हटलं.

मग पासवर्ड मागितला.
टाकला तर काही उमटेना, टिंब नाही, तारा नाही.
की-बोर्ड उलटा करून झटकला,
दोन पोहे आणि एक टाचणी पडली.
इथे तारे दिसत नाहीत, तन्वीर म्हणाला,
दिसत नाही म्हणजे पोचत नाही असं नाही.
तिसऱ्यांदा मी बोटांवर सोडून दिलं
आणि एंटर मारला.

ओळी धावल्या.
याला ते लागेल, त्याला आणखी तीन लागतील,
हळदीचं आमंत्रण एका घराला द्यावं
आणि आख्खी आळी निघावी तसं.
चौऱ्याऐंशी एमबी जागा लागेल. पुढे जाऊ? हो की नाही?
एवढं विचारलं आणि थांबला.
खरंच थांबला.
मी चहा घेऊन आले तरी कर्सर तिथेच लुकलुकत होता.
इतका वेळ थांबून मला
कुणी काही विचारलेलं आठवत नाही.
सगळ्या ओळी वाचल्या. अर्ध्या कळल्या नाहीत.
मग वाय दाबला.

पत्रिका उघडली ती डॉलर, कंस आणि टोप्यांची.
जुने फॉन्ट घरात ठेवा, तन्वीर म्हणाला.
कुठल्या घरात?
होम उघडलं तर आत एकच फोल्डर.
चांगुणा.
नुसतं. पुढे बाप नाही, नवरा नाही.
गावठाणातलं आमचं घर गरजेपोटी बांधलेलं,
सिडकोच्या नकाशात ते नाही,
आणि सातबाऱ्यावर तीन भाऊ.
मी थोडा वेळ तो फोल्डर उघडत बंद करत बसले.

रात्री साडेनऊला यजमानांचं नाव सरळ झालं,
मांडवावर अनुस्वार चढला, गणपतीही जागेवर आला.
फक्त ळ तेवढा राहिला. त्याच्या जागी रिकामा चौकोन.
ह, चौकोन, द.
ह, चौकोन, द.
आई डबा घेऊन आली, चष्म्यावरून बघत म्हणाली,
मंग हलद लिव. आपुन हलदच बोलताव नं.
बोलतो की.

पण भोईरांनी ॲडव्हान्स ळसकट दिलाय.
शटर अर्ध्यावर ओढलं,
आणि काळी खिडकी परत उघडली.